महिन्यातून किमान एकदा

पेटी क्र. ४१, हॅलस्टन, नॉर्थ डकोटा
१२ जानेवारी २००४

कॉरिन,

चर्चच्या तळघरात गावाचे टॅक्स भरून द्यायचं माझं टेबल परत मांडलं गेलंय. पोस्टातून निवृत्त झाल्यापासून हे अकरावं वर्ष. पहिल्याच दिवशी डेल्मार आला, बुटांच्या खोक्यात वर्षभराच्या पावत्या कोंबून. त्यात कुत्र्याच्या लशीची पावतीसुद्धा! म्हणे, "आर्डिस, कुत्रा माझ्यावरच अवलंबून आहे की. अवलंबितांच्या रकान्यात त्याचं नाव घाल, टॅक्स कमी होईल." मी म्हटलं, "कुत्रा सही करणार असेल तर घालते." त्यावर तो खरंच विचारात पडला गं.

फोनवर मला निम्मंच ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं मी मनानं घालते, म्हणून लिहितेय. गेल्या वर्षीच्या पगाराचा दाखला पाठव, तुझं रिटर्न भरायला घेते. शिवाय या वर्षीचा फॉर्म फेब्रुवारी संपायच्या आत तुझ्या हॉस्पिटलात द्यायचाय. दर वर्षी सांगते, तरी पुन्हा सांगते: तू राहणारी डकोटाची, नोकरी मिनेसोटात. दोन राज्यांचा करार आहे, म्हणून तुझ्या पगारावर टॅक्स घ्यायचा तो फक्त घरच्या राज्यानं. अट एकच. नोकरीसाठी तिकडे खुशाल राहा, पण महिन्यातून किमान एकदा घरी परत आलं पाहिजे. फॉर्मवर तसा सरळ प्रश्न आहे, आणि त्याखाली तू खरं बोलतेयस म्हणून सही आहे.

आता माझं कॅलेंडर बघ. तू आलीस की मी तांबडी फुली मारते, हे तुला ठाऊक आहे. शेवटची फुली सतरा ऑगस्टला. पुढे सप्टेंबर कोरा, ऑक्टोबर कोरा, नोव्हेंबर कोरा, नाताळसुद्धा कोरा. मी काय लिहू?

आर्डिस मावशी

ता.क. सहीपुढे तारीख घाल. निम्मं गाव विसरतं, आणि तू तर दर वर्षी.


डुलुथ, मिनेसोटा
२० जानेवारी २००४

मावशी,

रागावू नकोस ना. डायलिसिसच्या वॉर्डात दोन नर्स रजेवर, तिसरी सोडून गेली. नाताळात मी सलग सहा दिवस ड्यूटी केली. पेशंटला थोडंच सांगता येतं, की बाबा, तुझं रक्त पुढच्या आठवड्यात साफ करू, मला मावशीकडे जायचंय?

दाखला सोबत आहे. फॉर्मचं काय एवढं! "हो" लिहून टाक. कोण मोजायला बसलंय? आणि मी येतेच आहे. चौदा फेब्रुवारी, शनिवार, जेवायला. वरच्या खोलीतला हीटर दोन दिवस आधी लाव, नाहीतर त्या निळ्या रजईतसुद्धा माझं लाकूड होईल. आणि लेफ्सा लाटून ठेव, तुझ्या त्या बटाट्याच्या पोळ्या. इथे दुकानात मिळतात त्या पुठ्ठ्यासारख्या लागतात, बटाटा कशाला म्हणतात ते त्यांना माहीत नाही.

जिन्याची तिसरी पायरी अजून कुरकुरते का गं? कॉलेजात असताना उशिरा आले की तीच चुगली करायची प्रत्येक वेळी.

तुझी कॉरिन


पेटी क्र. ४१, हॅलस्टन
२७ जानेवारी २००४

कॉरिन,

चौदाला येऊ नकोस. रस्ते वाईट आहेत. मागच्या आठवड्यात फार्गोच्या अलीकडे दोन गाड्या खड्ड्यात गेल्या. साडेचार तास गाडी हाकत येण्याइतकं इथे काही अडलेलं नाही. लेफ्सा डब्यात घालून टपालानं पाठवते.

कोण मोजायला बसलंय म्हणतेस? मी बसलेय. या टेबलावर मी कुणाचा एक आकडा खोटा घातलेला नाही. पाद्रीबुवांनी सरपणाचे पैसे चर्चच्या खर्चात घातले होते, तेही खोडायला लावले, आणि त्यानंतर तीन रविवार त्यांनी माझ्याकडे बघून प्रवचन दिलं. तुझ्यासाठी "हो" लिहायचं म्हणजे मला आधी त्यांची माफी मागावी लागेल.

आणि काय गं, पगाराच्या दाखल्यावर तुझा पत्ता वेस्ट थर्ड स्ट्रीटचा कसा? नऊ वर्षं तिथे "पेटी क्र. ४१, हॅलस्टन" असायचं. तुझी भाड्याची खोली तर टेकडीवर आहे ना? त्या रस्त्यावर कोण राहतं?

आर्डिस मावशी


डुलुथ
४ फेब्रुवारी २००४

मावशी,

तुझं पत्र चार वेळा वाचलं. मला तू "येऊ नकोस" लिहिलंस! तू? दोन हजार एकच्या मार्चमध्ये वादळात हायवे बंद झाला, तेव्हा "मागच्या रस्त्यानं ये" म्हणणारी बाई तू. माझ्या मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. काल मशीनची सुई लावताना दोनदा चुकले, पेशंट म्हणाला, बाई, आज माझ्याऐवजी तूच झोप इथे.

तू आजारी आहेस का? आजारी असशील तर सरळ सांग. रागावली असशील तर तेही सांग, मला तुझा राग चालतो. हे मधलं काय आहे ते चालत नाही. काल फोन केला तर म्हणालीस, "ऐकू येत नाही, लिही," आणि ठेवलास. मागे कुणीतरी रेडिओ मोठ्यानं लावला होता. तुझ्याकडे तर रेडिओ नाही.

वेस्ट थर्ड स्ट्रीटचं काही नाही. टेकडीवर टपाल हरवतं, म्हणून एका मित्राचा पत्ता दिलाय. उगाच कीस काढू नकोस.

कॉरिन


पेटी क्र. ४१, हॅलस्टन
११ फेब्रुवारी २००४

कॉरिन,

मी ठणठणीत आहे. रेडिओ शेजारणीचा.

मित्राचा पत्ता, बरं. मी एकतीस वर्षं पोस्टात काढली. टपाल कुठे हरवतं आणि कुठे हरवत नाही, ते मला शिकवू नकोस.

फॉर्म कोरा परत पाठवतेय. माझ्याच्यानं भरवत नाही. तुझा तू भर, किंवा भरू नकोस. फॉर्म दिला नाहीस तर मिनेसोटा तुझ्या पगारातून टॅक्स कापायला लागेल, एवढंच. आभाळ कोसळत नाही.

थंडी कमी झाल्यावर बघू येण्याचं. मेमध्ये वगैरे.

आर्डिस


डुलुथ
२३ फेब्रुवारी २००४

मावशी,

मी काल आले होते.

तुला न सांगता, पहाटे निघून. माझ्या गाडीची बॅटरी गेली होती, म्हणून दुसऱ्याची गाडी घेतली. रस्ते कोरडे ठणठणीत होते. एकही गाडी खड्ड्यात नव्हती.

घराच्या खिडकीत पिवळे पडदे. ओसरीत लहान मुलाची सायकल. मला आधी वाटलं, तू कुणाला तरी खोली भाड्यानं दिलीस. मी नेहमीसारखी मागच्या दारानं आत शिरले, "मावशी" म्हणत. स्वयंपाकघरात एक अनोळखी माणूस अंडी तळत होता. आम्ही दोघंही किंचाळलो. तो बिचारा भला माणूस, झारा हातात धरूनच म्हणाला, "तुम्हाला हॉग्रुडबाई हव्यात? त्या जुन्या शाळेत राहतात. नोव्हेंबरात विकलं त्यांनी हे." मग त्यानं मला कॉफी विचारली. माझ्याच स्वयंपाकघरात मला कॉफी विचारली, मावशी!

तिसरी पायरी त्यानं दुरुस्त करून घेतलीय. मीच विचारलं.

नोव्हेंबर. म्हणजे "पेटी क्र. ४१" लिहून तू मला चार महिने झुलवलंस. घर कुठलंही असो, पोस्टातली पेटी तीच, फोनचा नंबर तोच, मला कळणार कुठून? डेल्मारसुद्धा मूग गिळून बसला. आणि मी तिकडे हीटर लाव म्हणून लिहितेय. कुठला हीटर? कुणाचा?

दिवसभर उगाच रस्त्यांवरून गाडी फिरवली, मग शाळेसमोर लावून बसले. साडेपाच वाजून गेले होते, अंधारत आलं होतं. वरच्या मजल्यावर तू दिसलीस, आपल्या तिसरीच्या वर्गाच्या खिडकीत. मी हात वर करणार, एवढ्यात तू खाली बघितलंस आणि पडदा ओढून घेतलास. मला बघून पडदा ओढलास. तसं कर म्हणून कुणी सांगितलं तुला? मी काय केलंय एवढं? सहा महिने आले नाही, कबूल, पण म्हणून पडदा?

मी आत आले नाही. तशीच परत निघाले. रात्री अंथरुणावर पडले तरी गाडी चालतेय असंच वाटत होतं.

आता माझंही ऐक, लपवून काय करू, तुझं बिंग फुटलं तसं माझंही फुटू दे. वेस्ट थर्ड स्ट्रीटवर एमिल राहतो. बंदरावरचा पूल वर-खाली करतो, जहाज आलं की. दोन वर्षं ओळखतेय त्याला. सहा सप्टेंबरला माझं सामान त्याच्या घरी नेलं. तेव्हापासून मी तिथेच राहते, आणि तेव्हापासून तुझ्याकडे यायला पाय उचलत नव्हता. आले असते तर तू एका नजरेत ओळखलं असतंस, आणि मग तुला "हो" लिहिता आलं नसतं. मला वाटलं, डकोटाचा पत्ता गेला की तुला वाटेल, पोरगी गेली. म्हणून आले नाही. बघ किती शहाणी.

फॉर्म दिला नाही. कोरा आहे, ड्रॉवरमध्ये.

कॉरिन


हॅलस्टन
१ मार्च २००४

कॉरिन बाळ,

आधी पडद्याचं. अगं वेडे, तुझी डकोटाची गाडी नव्हे, खाली मिनेसोटाची नंबरपाटी असलेली अनोळखी गाडी उभी! या गावात मिनेसोटाची पाटी दिसली की चार घरं बाहेर येऊन बघतात. आत कोण बसलंय ते मला त्या उजेडात कुठलं दिसतंय? माझ्या मनात इतके दिवस एकच घोळत होतं, तुझा फॉर्म. मला वाटलं, त्यांचा टॅक्सवाला माणूस आला चौकशीला! चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. मी पडदा ओढला, कॅलेंडर भिंतीवरून काढलं आणि गादीखाली घातलं. मग तासभर दिवा न लावता बसले. तू खाली, मी वर, आणि मी आपली कॅलेंडरवर बसून. हे लिहिताना हसू येतंय आणि रडूही येतंय, अक्षर बघून तुला कळेलच.

आता घराचं. ऑक्टोबरात घरच्या तळघराच्या पायऱ्यांवरून पडले. मोडलं काही नाही, पण उठता येईना. दोन तास बटाट्यांच्या पोत्यांशेजारी पडून होते. डेल्मार त्याच्या कुत्र्याबद्दल काहीतरी विचारायला आला, म्हणून सापडले. त्या कुत्र्याचं नाव रिटर्नमध्ये घालायला हवं होतं, असं मला आता वाटतं. तळघरात पडल्या पडल्या ठरवलं, आता जिना बास. जुन्या शाळेत म्हाताऱ्यांसाठी खोल्या केल्यात, लिफ्ट आहे. मला तिसरीचा वर्ग मिळाला. मुद्दाम मागून घेतला. फळा अजून भिंतीवर आहे.

तुला का नाही कळवलं? कळवलं असतं तर तू धावत आली असतीस, आठवडाभर राहिली असतीस आणि अपराध्यासारखं तोंड करून परत गेली असतीस. असली फुली मला नको होती. शिवाय घर विकलं म्हटल्यावर तुझा पत्ता गेला. परतायला घरच नाही, मग महिन्यातून एकदा परतणार कुठे? तू आलीस तर विकलेलं घर दिसणार, नाही आलीस तर कॅलेंडर कोरं. इकडे आड तिकडे विहीर. म्हणून मे म्हटलं. मेपर्यंत काहीतरी सुचेल असं वाटलं. काही सुचलं नसतं.

आणि आता जे लिहितेय ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नऊ वर्षांपूर्वी तुला डुलुथला नोकरी लागली, तेव्हा तू तिकडचीच होऊन जाणार होतीस. मी म्हटलं, पत्ता इथलाच ठेव, डकोटाचा टॅक्स कमी. कमी होता, ते खरंच. पण तुझ्या दर महिन्याच्या येण्याजाण्याच्या पेट्रोलात तो वाचलेला पैसा सगळा जात होता, वर थोडा खिशातूनच. तो हिशेब मी पहिल्याच वर्षी करून बघितला होता. तुला दाखवला नाही. गावात कुणाचा आकडा लपवला नाही म्हणून मी तोऱ्यात सांगते ना, तो एक आकडा नऊ वर्षं लपवला.

टॅक्स वाचवायला नव्हतं ते, कॉरिन. मला तू दिसायला हवी होतीस. तुझी आई गेली तेव्हा तू आठ वर्षांची होतीस, आडनावही माझंच लावलंस, तुझा डबा, तुझी वेणी, तुझे ताप, सगळं माझ्या हातून गेलं. आणि मग एके दिवशी तू गाडीत बॅगा टाकल्यास. "मला भेटायला येत जा" असं म्हणायला माझी जीभ रेटेना. आपल्यात कुणी म्हणतं का असलं? मग सरकारच म्हणतंय तर म्हणू दे, असं वाटलं.

असो. रिटर्न आता खरं भरायचं. तू वर्षाचा काही भाग डकोटाची आणि उरलेला भाग मिनेसोटाची. दोन्हीकडे दोन वेगळी रिटर्नं. थोडे पैसे जातील, दंड फारसा नाही, मी बघितलंय. आधी एक रकाना भरावा लागतो, त्याशिवाय पुढचा एकही आकडा बसत नाही. तू डकोटा कोणत्या दिवशी सोडलंस?

कळव. माझ्या मनानं मी ती तारीख घालणार नाही.

मावशी


डुलुथ
१२ मार्च २००४

मावशी,

सहा सप्टेंबर. सामान नेलं तो दिवस. तीच लिही, ती खरी आहे.

तारीख लिहायला मला आठवडा लागला. एमिल विचारायचा, "एका तारखेला इतका वेळ?" मी त्याच्यावर खेकसले. मग तुझं पत्र त्याला वाचून दाखवलं. ऐकून झाल्यावर तो म्हणाला, "गाडीची पाटी माझी होती, म्हणजे टॅक्सवाला मीच." तेव्हापासून स्वतःला तेच म्हणवून घेतोय. "टॅक्सवाल्याला कॉफी मिळेल का?" वगैरे. डोकं उठवलंय.

मावशी, तो पेट्रोलचा हिशेब मीही केला होता. दुसऱ्या वर्षी. तू सांगितलं नाहीस म्हणून मीही सांगितलं नाही. मला काय, टॅक्ससाठी जातेय म्हटलं की वॉर्डातल्या बाया सुट्टी बदलून द्यायच्या. "मावशीची आठवण येतेय" म्हटलं असतं तर नसती दिली. आणि मलाही ते म्हणवत नव्हतं. मी तुझ्याच हातची ना.

तू पडलीस ते दोन तास माझ्या डोक्यातून जात नाहीत. वॉर्डात, गाडीत, दात घासताना. बटाट्यांच्या पोत्याशेजारी. पुन्हा काही झालं आणि मला कळवलं नाहीस तर मी तुझ्याशी बोलणार नाही. हे मी खरंच म्हणतेय.

आता मी मिनेसोटाची झाले, त्यामुळे कोणतंच सरकार मला तुझ्याकडे पाठवणार नाही. म्हणून मीच एक फॉर्म केलाय. सरकारी फॉर्म बघून बघूनच केला, पट्टी घेऊन, चौकटीबिकटी आखून. सोबत जोडतेय.

नाव: कॉरिन हॉग्रुड.
नोकरी: डुलुथ, मिनेसोटा.
राहण्याचा पत्ता: वेस्ट थर्ड स्ट्रीट, डुलुथ.
घर: जुनी शाळा, तिसरीचा वर्ग, हॅलस्टन, नॉर्थ डकोटा.
आपण महिन्यातून किमान एकदा घरी परतता का? हो.
वरील माहिती खरी आहे. खोटी निघाल्यास मावशी देईल ती शिक्षा मान्य.

खाली सही केलीय.

कॉरिन


जुनी शाळा, हॅलस्टन
१६ मार्च २००४

कॉरिन,

दोन्ही रिटर्नं भरून ठेवलीत. सहा सप्टेंबर शाईनं लिहिलं. हात थोडा अडला, पण लिहिलं.

तुझा तो दुसरा फॉर्म मिळाला. चौकटी वाकड्या आहेत. दोन वेळा वाचला, मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा. डेल्मारला दाखवला, तो म्हणाला, असा फॉर्म कुत्र्यासाठीही मिळतो का. निळी रजई मी घराबरोबर विकलेली नाही, ती इथे खुर्चीवर आहे. कॅलेंडर गादीखालून काढून फळ्याशेजारी लावलंय.

पण फॉर्म मी मान्य करू शकत नाही. सहीपुढे तारीख नाही. नऊ वर्षं ओरडतेय, तरी विसरलीसच. टेबलावर असला कागद आला की मी काय करते तुला माहीत आहे. टपालानं परत पाठवत नसते मी, सही करणाऱ्यालाच समोर बोलावते. पेन फळ्याच्या खाचेत ठेवलंय.

येऊन घालून जा. त्या टॅक्सवाल्यालाही आण.

मावशी